गायकवाड मॅडम आणि डावा दाणा

गेल्या वेळी जंगलात गेला होतात, तेव्हा नक्की काय पाहिलंत? धबधबा सोडून सांगा. स्वतःचे फोटो सोडून सांगा. एखादं झाड, एखादा किडा, कुजणाऱ्या पाल्याचा वास, काहीही चालेल. नाही ना सांगता येत?

मलाही आलं नव्हतं. हाच प्रश्न शहापूरच्या आमच्या कॉलेजात, भर वर्गात, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गायकवाड मॅडमनी मला विचारला होता. मी ताडकन उभा राहिलो आणि बोलू लागलो. विकासाच्या नावाखाली चाललेली लूट, जंगलावर फिरणारे बुलडोझर, व्यवस्थेचं मौन. मी अशाच घरात वाढलेलो. वडिलांच्या चळवळीची इतकी पत्रकं उरायची की भाकरीच्या टोपलीतही खाली पत्रकच असायचं. मॅडमनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. पण मी पत्रक नव्हतं मागितलं. झाड मागितलं होतं."

त्या दिवसापासून कॉलेजात माझं नाव 'पत्रक'.

मॅडम सापगावच्या, भातसा नदीच्या अलीकडच्या. सहलीच्या दिवशी आम्ही शहापूर स्टँडवर एसटीत चढायचो आणि मॅडम सापगावच्या थांब्यावर. इस्त्रीची सुती साडी, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि हातात काळी लांब छत्री, मग डिसेंबर असो की मार्च. त्या छत्रीला त्यांनी आतून पांढरं कापड शिवून घेतलं होतं. जंगलात पोहोचलं की छत्री उघडून उलटी धरायची, वर झुडपाच्या फांदीला हलकेच टिचकी मारायची आणि आत पडलेले किडे त्या पांढऱ्या कापडावर बघायचे. बघून झालं की छत्री झुडपाखाली टेकवायची आणि पाहुणे आपापल्या घरी जाईपर्यंत थांबायचं. थांबणं हा मॅडमचा मुख्य व्यायाम होता. एसटीत मात्र तीच छत्री झोपलेल्या विद्यार्थ्यांना उठवायला वापरली जायची. एकदा कंडक्टर कंटाळून म्हणाला, "मॅडम, छत्रीचं हाफ तिकीट काढा, नायतर ती आत घ्या. पॅसेंजरला टोचते."

आमच्या पुस्तकात 'उष्णकटिबंधीय वर्षावन' नावाचा धडा होता आणि त्यावर लाल-निळ्या परदेशी पोपटाचं चित्र. मॅडम दर वर्षी त्या चित्रावर बोट ठेवून सांगायच्या, "हा तुम्हाला मुरबाडला भेटणार नाही. भेटलाच, तर त्याच्याकडे पास आहे का विचारा." आणि मग सांगायच्या की पुस्तकातलं घनदाट जंगल राहू दे ब्राझीलमध्ये, त्याचं एक लहानसं भावंड आपल्या तालुक्याला लागून आहे. सिद्धगडाच्या कुशीतल्या एका पाड्यामागे जुनी देवराई आहे, तिथे उन्हाळ्यातही सावली ओली असते. पाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मुद्दामच लिहीत नाही.

मुरबाड स्टँडवर उतरून जीप करायची, जीप सोडून चालायचं आणि देवराईत शिरल्यावर मॅडमचा पहिला आणि जवळजवळ शेवटचा आदेश यायचा. "बसा."

प्रत्येकाने वेगळ्या झाडाखाली बसायचं. बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, पान तोडायचं नाही. झाडाने टाकलेलं पान उचलायला परवानगी होती. टिटवाळ्याहून रोज लोकलने आसनगाव स्टेशनपर्यंत ये-जा करणारा आमच्या वर्गातला ओंकार पहिल्याच सहलीत वैतागला.

"मॅडम, टाइम वेस्ट होतोय."

"कुणाचा? झाडाचा तर होत नाही."

थोड्या वेळाने ओंकार किंचाळत उठला. तो लाल मुंग्यांच्या वाटेवर बसला होता. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "नाचून झालं की त्या कुठून येतात आणि कुठे जातात ते बघ," म्हणाल्या. "तुझ्यासाठी आल्या नसतील." ओंकारने रडवेल्या तोंडाने मुंग्यांचा माग काढला आणि वर फांदीवर पानं शिवून केलेलं त्यांचं घर त्यालाच पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर दोन वर्षं तो आम्हाला मुंग्यांबद्दल सांगून छळत होता.

परतताना पाड्याच्या वेशीवर तपासणी व्हायची. प्रत्येकाने आपल्या बिस्किटाचं, वेफर्सचं रिकामं पाकीट खिशातून काढून दाखवायचं. मॅडम तिकीट तपासनिसासारख्या रांगेतून फिरायच्या. ज्याचं पाकीट सापडायचं नाही त्याला परत आत पाठवायच्या आणि बाकी सगळे त्याच्या नावाने खडे फोडत उभे राहायचे. एकदा मॅडमचंच खडीसाखरेचं पुडकं सापडेना. त्या छत्री टेकत परत गेल्या. आम्ही इतक्या आनंदाने कधीच थांबलो नव्हतो.

देवराईच्या कडेला मॅडम बूट काढायच्या. मला ते खुपायचं. मॅडम बौद्ध घरातल्या. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली निळी वही, त्यात बावीस प्रतिज्ञा. आणि देवराईच्या तोंडाशी शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. मी एकदा सरळ विचारलं, "मॅडम, देव मानत नाही म्हणता आणि त्याच्या दारात बूट काढता?"

"बुटाच्या तळाला बघ."

मी बघितलं. चिखल आणि त्यात चिकटलेलं रस्त्याकडेच्या तणाचं बी.

"हे आत गेलं की आतलं गवत संपलं. देवाचं आणि माझं बाकी कशात जमत नाही. एवढ्या एका बाबतीत जमतं. तुझं कुणाशीच जमत नाही का रे, पत्रक?"

आता आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाबद्दल. अभ्यासक्रम नवा आला होता आणि त्यात होतं की तीच तीच झाडं दर वर्षी मोजायची, त्यांची वाढ नोंदवायची. मॅडमना हे मनापासून आवडलं होतं. त्यांची निवृत्ती जवळ येत होती आणि आपण गेल्यावरही ही झाडं कुणीतरी मोजत राहील, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला होता. पण झाड पुढच्या वर्षी ओळखायचं कसं? खडू पावसात जातो. मॅडमनी खूप का कू केली आणि शेवटी पिवळा ऑइलपेंट आणायला सांगितला. आम्ही गेलो त्या दिवशी पाड्यात कुणी नव्हतं, सगळे लग्नाला गेले होते. मॅडमनी रिकाम्या घरांकडे बघून नेहमीसारखी हाक मारली, "आलो हो!" इतकी वर्षं जात होत्या, त्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय सुटली होती. आम्ही देवराईतल्या मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर खाली बसून आकडे रंगवले. ओंकारचे आकडे सगळ्यात सुबक आले होते.

पुढच्या आठवड्यात मॅडम दुसरी तुकडी घेऊन निघाल्या, मदतीला मी आणि ओंकारही पुन्हा आलो, तर देवराईच्या वाटेवर अख्खा पाडा उभा. पुढे हिराबाई. हिराबाई म्हणजे पाड्यातलं पहिलं घर. मॅडम गेल्या की तिच्याच ओट्यावर पाणी प्यायच्या. त्या दिवशी तिने पाणी विचारलं नाही.

"बाय, झाडावं आकडं कोनी टाकलं?"

"आम्हीच टाकले, हिराबाई."

"कशाला गो? तोडाय?"

"छे! मोजायला."

"मोजल्यावं तोडत्यातच." हिराबाईचा आवाज चढला नव्हता. "माझं म्हायेर धरनात गेलं. आदी आमच्या घरावं आकडं आले. मंग मानसं आली. मंग पानी आलं. तुमी कुनासाठी आकडं टाकलं?"

ओंकार मदतीला धावला. "मावशी, तसं नाही. हा फक्त डेटा आहे."

"डाटा मंजे?"

"म्हणजे... माहिती. अभ्यासासाठी."

"तुज्या घरच्या भितीवं टाकू का रे आकडा? अब्यासासाठी?"

मागे कुणीतरी हसलं, पण ते आमच्या बाजूचं हसणं नव्हतं. पाड्यातल्या लोकांनी ते आकडे बघितल्यापासून काय काय केलं होतं ते मग हळूहळू कळलं. कुणी मुरबाडला जाऊन चौकशी करून आलं होतं, कुणी सोयऱ्याला फोन केला होता, पेरणीचं बी घ्यायचं की नाही यावर घराघरात वाद झाले होते. ज्या जागेवर आपण पुढच्या वर्षी असू की नाही हेच माहीत नाही, तिथे बी कशाला?

मला वाटलं मॅडम समजावतील. वर्गात त्या एका मुळाचं काम तास तास समजावत. पण त्यांनी छत्री खाली ठेवली आणि हात जोडले. "चूक आमची. विचारायला हवं होतं. आता काय करू सांग."

"पुसा."

ऑइलपेंट पुसणार कसा? टर्पेंटाइन लावलं तर सालीला इजा, खरवडलं तर साल जाणार. शेवटी हिराबाईनेच सांगितलं की शेणामातीने लिंपून टाका, दिसला नाय म्हंजे झालं. आणि मग कल्याण-टिटवाळ्याहून आलेल्या, परफ्यूम मारून सहलीला निघालेल्या आमच्या मित्रमंडळींनी आयुष्यात पहिल्यांदा शेणात हात घातले. मॅडमनी पदर खोचला आणि एका झाडावर असा सफाईदार हात फिरवला की हिराबाई न राहवून बोललीच, "लिंपाय येतं का तुला?" मॅडम म्हणाल्या, "सापगावला काय आम्ही संगमरवरात वाढलो का?" त्या दिवशीचं ते एकमेव बरं वाक्य. ओंकारने आपला सुबक आकडा स्वतः लिंपला आणि वर्गाच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला नाही. त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

लिंपून झालं. मॅडमनी हात धुतले आणि विचारलं, "आता बसू का आत?"

पाड्यातले म्हातारे चंदरबाबा म्हणाले, "त्ये आमी कोन सांगनार? देवाला इचाराय लागंल."

विचारायची रीत अशी. वाघोबाच्या दगडावर दोन बाजूंना तांदळाचे दाणे पाण्याने चिकटवायचे. उजवा दाणा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. चंदरबाबांनी दाणे लावले. आम्ही सगळे लांबून बघत होतो. विज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या आमच्या मॅडम अनवाणी उभ्या राहून दोन तांदळांकडे अशा बघत होत्या, जशी आम्ही मुलं निकालाच्या बोर्डाकडे बघायचो. वारा नव्हता. बराच वेळ काहीच झालं नाही.

डावा पडला.

"यंदा नाय," चंदरबाबा म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि बूट घालायला वाकल्या.

मी आतल्या आत पेटलो होतो. जीपमध्ये वाटभर मी एकटाच बोलत होतो. तांदळाच्या दाण्यावर शिक्षण थांबवायचं का? अंधश्रद्धेपुढे मान तुकवायची का? मॅडम खिडकीतून बाहेर बघत बसल्या. कुणाच्या डब्यातलं खाल्लं नाही, कुणाला छत्री टोचली नाही. मुरबाड स्टँडवर एसटीची वाट बघताना त्या एकदम म्हणाल्या, "डाव्या दाण्याला पाणी कमी लावलं होतं."

"काय?"

"मी बघत होते ना. डावीकडची बाजू कोरडी होती. पडणारच होता."

"म्हणजे तुम्ही मानत नाही!"

"अजिबात नाही."

"मग पुन्हा लावायला सांगायचं! नीट पाणी लावून!"

"आणि पुन्हा डावाच पडला तर? मग अजून एकदा?" मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "होय येईपर्यंत विचारत राहणं म्हणजे विचारणं नव्हे. हिराबाईच्या माहेराला असंच विचारलं असणार. दाणा काय रे, दाणा मुका असतो. ती माणसं घाबरली होती. तोंडावर नाही म्हणायला लाजत होती, माझ्या हातचं लिंपण बघून. त्यांना कुणाच्या तरी तोंडून म्हणायचं होतं."

तरी मी बोलायचा थांबलो नाही. सरळगाव येईपर्यंत बोलत होतो. त्या झोपल्या. निदान डोळे तरी मिटले होते.

प्राचार्यांनी पर्याय सुचवला. मुरबाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टने कॉलेजला सवलत देऊ केली होती. तिथे सिमेंटचा वाघ होता, सिमेंटचं मचाण होतं आणि रेन डान्स. "मॅडम, वर्षावन काय, पाऊस तर तिथेही पडतो," प्राचार्य विनोदाने म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "सर, तो पाऊस पाडणाऱ्या मोटारीला पाणी कुठून येतं, तेवढं विचारून सांगा. मुलांना तिथेच नेते." त्यांनी कधी विचारून सांगितलं नाही.

मॅडमनी मग जे केलं त्याला संपूर्ण कॉलेज हसलं. त्यांनी सहल नेली, पण देवराईच्या बाहेर. हद्दीच्या दगडापलीकडे मोकळ्या माळावर मुलांना बसवलं आणि जंगलाकडे तोंड करून अभ्यास करायला लावला. आतून कोणते पक्षी बाहेर येतात, वाऱ्याबरोबर कोणती पानं बाहेर पडतात, ओढ्याचं पाणी आतून येतं आणि माळावरून येतं त्यात फरक काय. "वर्षावनाचा बाहेरून अभ्यास" असं स्टाफरूममध्ये कुणीतरी नाव ठेवलं. मॅडम म्हणायच्या, "घरात घेत नसतील तर ओट्यावर बसावं. ओट्यावरूनही घर कळतं." पुढल्या वर्षीही विचारलं. पुन्हा डावा. पुन्हा "बरं". तोवर माझं शिक्षण संपलं होतं, तरी सामान उचलायला म्हणून मी जात होतो. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, हा सामानापेक्षा जड आहे, पण येऊ दे.

अधूनमधून त्या एकट्याही जायच्या. हिराबाईच्या ओट्यापर्यंतच. काही घेऊन जायच्या नाहीत. मी एकदा विचारलं की निदान मुलांना खाऊ तरी न्यायचा, तर फटकारलं. "लाच देऊ का?"

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. त्या वर्षी नाही म्हणाले असते तर त्या कॉलेजच्या मॅडम म्हणून पुन्हा कधीच आत जाणार नव्हत्या. हे त्यांना माहीत होतं, आम्हाला होतं आणि मला वाटतं पाड्यालाही होतं. चंदरबाबांनी दाणे लावले. मॅडमनी या वेळी दगडाकडे बघितलंच नाही. त्या ओढ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"उजवा," कुणीतरी म्हणालं.

मॅडमनी वळून विचारलं, "उजवा म्हणजे... होय ना?"

आम्ही फुटलो. चंदरबाबाही हसले. "व्हय. पर आकडा नाय, रंग नाय. हातात कायबी नाय."

आम्ही हातातलं सगळं हिराबाईच्या ओट्यावर ठेवलं. वह्या, फोन, बाटल्या. मॅडमनी छत्री दिली. हिराबाईने ती उघडून आत बघितलं आणि ओरडली, "अगो बाय, छत्रीला परकर नेसवलास का काय?" मॅडम लाजल्या. इतक्या वर्षांत त्यांना लाजताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. देवराईच्या हद्दीशी त्या थबकल्या आणि हिराबाईला पुन्हा विचारलं, "येऊ ना?"

"किती इचारशील? शिर आता."

आत सगळं तसंच होतं, ओलसर, गार, कुजत्या पाल्याच्या वासाचं. आमच्या हातचं लिंपण पावसांनी धुऊन गेलं होतं. बहुतेक झाडांवर साल वाढून पिवळा रंग फुटून गेला होता. पण एका जुन्या जांभळावर ओंकारचा एक सुबक आकडा अजून ठळक दिसत होता. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मागून पाड्यातली माणसं येत होती.  मॅडम गेल्या आणि त्या जांभळाला पाठ लावून बसल्या, अगदी बरोबर त्या आकड्यावर.

आणि मग त्या उठल्याच नाहीत. मुलं इकडे तिकडे पांगली, परत आली, पुन्हा पांगली. एकदा वर फांद्यांत शेकरू दिसलं, लांब झुबकेदार शेपटीची तांबडी खार. मॅडम वर्गात तिच्याबद्दल असं बोलायच्या जसं कुणी माहेरच्या माणसाबद्दल बोलतं. सगळे पळत तिकडे गेलो. मी मागे वळून हळूच हाक मारली, "मॅडम, या ना, शेकरू!" त्यांनी मान लांब केली, जितकी होईल तितकी. झाडापासून पाठ हलवली नाही. वरच्या फांद्यांतून खाली आलेला थोडासा उजेड त्यांच्या अनवाणी पायांवर पडला होता. हाताने त्यांनी मला खूण केली, तू बघ.

आता तुम्हाला एक विनंती, आणि ही पत्रकासारखी वाचून टोपलीत अंथरू नका. पुढच्या रविवारी तुम्ही सिद्धगडाकडे जाल, माहुलीकडे जाल, अजून कुठे जाल. वाटेत जंगलाआधी जे पहिलं घर लागेल तिथे गाडी थांबवा. हॉर्न नका वाजवू, उतरा. कशासाठी आलात ते सांगा आणि विचारा, "आत जाऊ का?" उत्तर येईपर्यंत उभे राहा. होय आलं तर जा. नाही आलं, तर वाद घालू नका, खिशात हात घालू नका, पलीकडच्या वाटेने शिरू नका. "बरं" म्हणा आणि गाडी वळवा.